प्रश्न सहावा

संघदीपच्या हातातला पेन मारोतरावांनी हिसकावून घेतला.

"खोटं नको लिहू."

आसेगावच्या शिवारात, सोयाबीनच्या बांधावर, धुऱ्यावर, दोघे उकिडवे बसले होते. संघदीप वाशिमच्या एका संस्थेचा माणूस. मांडीवर मारोतरावांच्या नावानं भरायचा पुरस्काराचा फॉर्म. शेतात हिरीबाईची मजूर बायांची टोळी खुरप्यांनी तण निंदत होती. कान सगळ्यांचे धुऱ्याकडे.

प्रश्न सहावा. तणनाशक बंद करण्यामागची प्रेरणा?

"पर्यावरणाची आस्था लिहितो, काका. सगळे तेच लिहितात."

"आस्था!" मारोतराव थुंकले. "या हिरीबाईनं नाक दाबलं माह्यं."

गेल्या साली त्यांनी फवारून तण जाळलं. निंदणाला एकही बाई लावली नाही. दसरा तोंडावर आला, शेंगा तडकू लागल्या, तेव्हा सोंगणीला, कापणीला बोलवायला हिरीबाईच्या दारात गेले. ती भाकरी थापत होती. उठली नाही.

"ज्यानं निंदलं, त्यालेच सोंगाले बोलवा, मारोतभाऊ."

"औषधाच्या डब्याले हात हायेत का?"

"मंग आमालेच काहून हायेत?"

गावातली एकही टोळी आली नाही. धनजहून आणलेल्या बायांना हिरीबाईनं एसटी स्टँडवरूनच परत पाठवलं. अर्धं सोयाबीन मातीत सांडलं. चौथ्या दिवशी मारोतरावांनी पारावर, चारचौघांत कबूल केलं: पुढच्या साली निंदण बायांचंच.

पुढचं साल म्हणजे हे. राग तोच. यंदा धुऱ्यावर तरोटा माजला होता, बाया ओटी भरभरून त्याची भाजी नेत होत्या, त्याचाही राग.

प्रश्न सातवा. इतर शेतकऱ्यांना संदेश?

"लिही, हिरीबाईच्या वाटेले जाऊ नका."

शेतातून हसू आलं. संघदीपनं फॉर्म मिटला, फोन काढला.

"फोटो घेऊ, काका. बायांना जरा बाजूला व्हायला सांगा."

हिरीबाईनं ऐकलं. खुरप्याची माती झटकली, उठली. तिच्यामागे बाकीच्या उठल्या.

"हालू नका!" मारोतराव ओरडले. तरातरा पिकाच्या ओळींमधल्या तासात शिरले, संघदीपकडे वळले. "त्या कायले सरकतीन? निंदलं कोनं? फोटो त्याईचा काढ!"

"फोटोनं तन निंगत नाही, मारोतभाऊ," हिरीबाई पुन्हा खाली बसत म्हणाली. "तासात उभे हाय तुमी. बसा, नाई त सरका."

बाया थांबल्या. संघदीपचा फोन हवेतच राहिला.

मारोतराव बसले. पहिलंच तण त्यांनी अशा रागानं उपटलं, की मूठभर माती सोबत आली.