पहिल्या पानावरचा दवाखाना

ज्याला जग शोधतं, तोच खरा जगला. मशीनवाले काका मात्र इंटरनेटवर शोधलं तर नवव्या पानावर सापडत. त्यांच्याखाली फक्त एक बंद पडलेला रंगाचा कारखाना होता, आणि तोही हळूहळू वर सरकत होता.

इंटरनेटच्या शोधात लोकांचं पान वर आणून देणं हा दुकानासमोरच्या ताईंचा धंदा. त्यांनी विचारलं, "काका, गिऱ्हाईक काय लिहून शोधेल? 'शिलाई मशीन दुरुस्ती', बरोबर?"

"ते नको. 'मशीनचा दवाखाना' घाला."

"असं कोण शोधतं हो?"

"आहे एक जण."

लेक पाच वर्षांची असताना तिने दुकानाचं हे बारसं केलं होतं. मोठी झाल्यावर ती स्वतःच्या मनाने लग्न करून आली, तेव्हा काका म्हणाले, "पुन्हा हा उंबरा चढू नकोस." पोरगी बापाइतकीच हट्टी. सात वर्षं चढली नाही. मधल्या काळात तो उंबराच रस्तारुंदीत गेला. दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलं, फोन नंबर बदलला. आता तिचा राग निवळला तरी तिने यायचं कुठे? आणि तिचा पत्ता काकांना ठाऊक नव्हता.

ताईंनी ते नाव सगळ्यात वर घातलं. खाली नवा पत्ता, नंबर, दुकानाच्या वेळा, फोटो. दोन महिन्यांत दवाखाना पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत आला.

"ते नाव शोधून रोज एक जण पानावर येतंय," ताईंनी फोनवर कळवलं. "सकाळी सातला."

दुसऱ्या दिवशी काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ताईंकडे हजर. "तीच! आईवर गेलीय. आधी दाराआडून अंदाज घेणार, मग आत येणार. दुकानात दुसरी खुर्ची आणून ठेवलीय मी."

ताई संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, सकाळी सातला तुम्ही काय करता?"

"चहा टाकतो, आणि फोनवर ते नाव घालून पान उघडतो. जागेवर आहे ना, बघायला नको? तो कारखाना टपलेलाच आहे."

"रोज?"

"एक दिवस चुकवलेला नाही!"

ताईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. नुसत्या आवाजावरून मशीनचा बिघाड ओळखण्यात काकांची हयात गेली होती. हा बिघाड आवाजाशिवाय कळला.

"म्हणजे तो मीच."

"तुम्ही बघायचं थांबवलंत, तर खरा आकडा कळेल."

"शून्य."

"सध्या तरी."

"मग राहू दे. बघत जाईन मी."

काका उठले. दारापर्यंत जाऊन परत वळले.

"ताई, त्या पानावर 'एक ते दोन जेवणाची सुट्टी' असं लिहिलंय ना, तेवढं काढून टाकता का? मी दुकानातच डबा खातो."