हुबेहूब नक्कल

नातेवाइकांत तिच्या नवऱ्याला नकल्या म्हणत. साहेबापासून मामेसासऱ्यांपर्यंत तो कुणालाही सोडत नसे, पण हशा पिकायचा तो बायकोच्या नकलेवर. शिवता शिवता ती मध्येच थिजायची आणि भानावर यायची तेव्हा समोर सगळे दात काढत असायचे, पोटची पोरसुद्धा. हे तिने वर्षानुवर्षं गिळलं. पण वहिनीचं डोकं ठिकाणावर येईपर्यंत म्हणून नणंद मुलीला आपल्या घरी घेऊन गेली, तेव्हा तिच्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच.

"फिट येते का?" इस्पितळातल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे हो! पडत नाही, फेस नाही, नुसती नाटकं," नकल्याच बोलला. "आधीचे डॉक्टरही म्हणाले, मनाचं आहे."

'नाटकं' ऐकलं आणि ती भडकली. "मॅडम, पोटातून काहीतरी वर चढतं, रबर जळल्याचा वास येतो. पुढचं मला आठवत नाही. ह्यांना विचारा, घरोघर करून दाखवलंय. दाखवा की हो! आता का तोंड शिवलंय?"

"करा," बाई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या.

नकल्या ओशाळला. मग त्याने नजर थिजवली, ओठ चाटले, काही चघळल्यासारखं तोंड हलवलं. उजव्या हाताने तो शर्टाची कड चाचपू लागला. एरवी ती उठून आत जायची. आज तिने सगळं बघितलं.

"आणि डावा हात?"

"तो असा वाकडा होऊन आखडतो." मेल्याने एवढंही टिपलं होतं!

"ही फिटच आहे. टेम्पोरल लोब एपिलेप्सी, म्हणजे मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातली," बाई म्हणाल्या. "तपासण्या करूच. पण फिट्ससाठी आमच्याकडे येणाऱ्या मोठ्या माणसांत हीच सगळ्यात जास्त दिसते. रोज बघते मी."

"रोज?" तिचा आवाज चढला. लाखात एखाद्याला होणारा आजार असता, तर तिने नशिबाला बोल लावला असता. पण रोजचा? रोजच्या आजारापायी तिची पोर दुसऱ्याच्या घरी झोपत होती! "मग इतक्या डॉक्टरांना दिसलं कसं नाही?"

"फिट येते का, एवढंच आम्ही विचारतो," बाई खाली बघत म्हणाल्या. "आणि फिट म्हणजे पडणं, असं लोकांना वाटतं. चुकतं आमचं."

बाहेर आल्यावर नकल्या हुश्श करून म्हणाला, "चला, कळलं एकदाचं. गोळ्या घेऊन घरी जाऊ. मुलीचं सावकाश बघू. ताई एवढ्यात ऐकायची नाही."

"आधी तिकडेच जायचं," ती म्हणाली. "सगळ्यांना बसवा. मुलीला पुढे बसवा. आत केलीत तशीच हुबेहूब नक्कल करा. आणि सगळे हसायला लागले की आजाराचं नाव सांगा."