हात पोचतो तिथवर

सुनेने कोमट पाण्याचा तांब्या घोडीच्या मानेवर हळूच ओतला आणि आयाळीचे केस बाजूला सारून औषधी शाम्पू मुळांशी चोळायला घेतला. काजळी अंग चोरेल, शेपूट झाडेल, निदान एखादा पाय तरी आपटेल, असं वाटत होतं. तिने उलट मान खाली घातली, डोळे अर्धे मिटले आणि खालचा ओठ लोंबता सोडला. सून तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटली. समोर गवताचा भारा सोडत बसलेल्या सुभेदाराने ते पाहिलं आणि सुटत आलेली गाठ उगाच पुन्हा आवळली.

सुभेदार कधी कुठल्या पलटणीत नव्हता. तबेल्यातल्या या सगळ्यात जुन्या मोतद्दाराला त्याच्या ताठ चालीवरून लोकांनी दिलेलं ते नाव. चौदा वर्षं काजळीला त्याच्याशिवाय कुणी खरारा केला नव्हता. मालकीणबाईसुद्धा खोगीर चढवण्याआधी त्याच्या तोंडाकडे बघत. पण गेल्या वर्षी त्याचा उजवा खांदा आखडला, हात छातीच्या वर उचलेना, आणि मदतीला माणूस घ्यायची वेळ आली. "बाहेरचं कशाला? माझी सून आहे की, हुशार आहे," असं त्यानेच मोठ्या तोंडाने सांगितलं होतं. आता कुणाला बोल लावणार?

सून हुशार होती, हीच तर अडचण होती. आल्यापासून महिन्याभरात घोडी तिची पावलं ओळखायला लागली. ती दुरून येताना दिसली तरी काजळीचे कान टवकारत. सुभेदार शेजारी उभा असला तरी टवकारत. मग त्याला दुपारचा डबा तसाच परत न्यावा लागे. साठीला टेकलेल्या माणसाने सुनेवर जळावं, तेही एका घोडीपायी, हे त्याला शोभत नव्हतं. ते त्यालाही कळत होतं, पण जळणं काही थांबत नव्हतं.

त्यातच आयाळीत कोंडा झाला. काळ्याभोर केसांत पांढरे पापुद्रे, खाली कोरडी, खरबरीत कातडी. काजळी खांबाला मान घासून घासून केस तोडायला लागली. डॉक्टर आले, त्यांनी पापुद्रे खरवडून पाहिले.

"बुरशी आहे. तीन दिवसांआड या शाम्पूने धुवायचं. दहा मिनिटं फेस ठेवायचा, मग भरपूर पाणी, मग कोरडं करायचं. तेल बंद. आणि हिचे जुने ब्रश सगळे टाकून द्या, नवा आणा."

मालकीणबाई जाता जाता म्हणाल्या, "सुभेदार, हे सुनेला करू द्या. आयाळ सुधारली तर पुढच्या महिन्यापासून घोडी तिच्याकडेच देऊ. तुम्ही आता दाणागोटा बघा. खूप केलंत."

खूप केलंत! चौदा वर्षं दोन शब्दांत गुंडाळून हातात दिली.

सुभेदाराने बाकीचे ब्रश टाकले. आपला एक मात्र कण्यांच्या पिंपामागे दडवला. ज्याच्या हाताखाली तो शिकला त्या म्हाताऱ्याने त्याला बजावलं होतं, मोतद्दाराने आपला ब्रश कधी धुवायचा नसतो. घोडं माणसाला ब्रशाच्या वासावरून ओळखतं. त्याने तो चौदा वर्षांत एकदाही धुतला नव्हता. तो टाकायचा म्हणजे काजळीच्या लेखी आपण उरलोच नाही. सून दुपारी जेवायला गेली की तो ब्रश काढी आणि आयाळीवरून फिरवी. चारदोन हात, बस्स.

दहा-बारा दिवसांनी कोंडा पुन्हा दिसला. सुभेदाराच्या मनात उकळ्या फुटल्या. घ्या म्हणावं, हुशार सून! मग घोडीने खांबाला मान घासली, आणि तो दुसरीकडे बघायला लागला.

डॉक्टर पुन्हा आले. त्यांनी कानांपासून खाली आयाळ चाचपली आणि मध्येच थांबले.

"गंमतच आहे. इथवर एकदम स्वच्छ. इथून खाली मात्र पहिल्यासारखंच." त्यांनी मानेवर बोटाने आडवी रेघ ओढून दाखवली.

सुनेने त्या रेघेकडे पाहिलं. मग एकदाच, अगदी क्षणभर, सासऱ्याच्या उजव्या खांद्याकडे पाहिलं. सुभेदाराचा हात आपोआप पाठीमागे गेला.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "खालचा साबण नीट निघाला नसणार. पुन्हा करते."

"काळजी घे गं," मालकीणबाई म्हणाल्या. "मग पुढच्या महिन्याचं राहू दे इतक्यात."

घोडी त्याच्याकडेच राहिली. हवं होतं ते मिळालं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. सुनेने चारचौघांत त्याचं नाव घेतलं असतं तर भांडता आलं असतं, दोन दिवस अबोला धरता आला असता. आता चांगुलपणाही तिच्याच पदरात! तो पिंपामागे गेला, ब्रश काढला, आणि पाणी तापवायच्या चुलीत टाकला. जळक्या केसांचा वास तबेलाभर सुटला. पाणी काढायला आलेली सून क्षणभर थबकली आणि बादली भरून परत गेली.

पुढच्या धुण्याला तो स्वतःहून तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"वरचं तू कर. माझा हात जात नाही. खालचं मी करतो."

"बरं, बाबा."

धुऊन, कोरडं करून झालं तसं त्याने नवा ब्रश घेतला. काजळीने तो हुंगला, नाक फेंदारलं आणि सरळ त्याच्या गाजराच्या खिशात तोंड घातलं. सून हसली. त्यालाही हसू आलं, पण त्याने ते दाबलं.

"एक विचारू?" तो ब्रशाकडे बघत म्हणाला. "कानात काय सांगतेस तिच्या? लगेच मान टाकते ती."

"तुमचंच की." तिला आश्चर्य वाटलं. "झालं हं राजा, झालं. थोडंच राहिलंय."

ब्रश थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

"ह्यांनी. लहानपणी तुमचा डबा द्यायला यायचे ना, तेव्हा दारात उभं राहून ऐकायचे म्हणे. तुम्ही आयाळ विंचरता विंचरता घोडीला म्हणायचात." ती केसांतला गुंता सोडवत सहज बोलत होती. "अजून ताप आला की मला म्हणायला लावतात. मी चिडवते, तुम्ही काय घोडी आहात का? तर म्हणतात, असतो तर बरं झालं असतं."

मग आपण नको ते बोलून गेलो हे तिच्या लक्षात आलं आणि ती बादली उचलून बाहेर गेली.

पाच वाजता मुलाचा टेंपो फाटकाशी थांबला. दोघांना न्यायला तो रोज येई आणि रोज फाटकाबाहेरच हॉर्न वाजवी. त्याला लिदीचा वास सोसत नाही, अशी बापाची इतकी वर्षं समजूत होती.

"आत ये," सुभेदाराने हाक मारली.

मुलगा दारापर्यंत आला आणि उंबऱ्याशीच उभा राहिला. "काय झालं?"

"काही नाही. हिचा दोर धर जरा. शेवटचा हात फिरवतो."

मुलाने दोर धरला. काजळीने जोरात मान झटकली आणि राहिलेले पापुद्रे त्याच्या निळ्या शर्टावर उडाले. तो झाडायला गेला.

"थांब," बाप म्हणाला. त्याने ब्रश खाली ठेवला. मुलाचा खांदा उंच होता. आखडलेला हात तिथवर जाताना कळ आली. तो बोटांनी एकेक पापुद्रा टिपायला लागला.

"झालं हं," तो म्हणाला, आणि पुढचा शब्द यायला थोडा वेळ लागला. "झालं हं राजा. थोडंच राहिलंय."

मुलाने हात पोचावा म्हणून खांदा जरासा खाली केला.