जोडव्यांचा सांधा

"मावशी, पायातली जोडवी काढायला लागतील."

कारखान्याच्या दारात झडती घेणाऱ्या स्नेहलनं बसल्या जागेवरूनच सांगितलं. काम मागायला आलेल्या अक्काताईनं लुगड्याच्या काठाआड पाय ओढून घेतला.

"अगं, सवाष्ण हाय मी!"

"मग मी कोन हाय? माझी देवापशी ठेवून येतो मी. आत जाताना अंगावर चांदी नको, भाईर येताना नको. नियम म्हंजे नियम."

गलका ऐकून मालक सम्मेद बाहेर आला. त्याच्या वडिलांच्या पेढीवरची चांदी अक्काताईच्या घरी यायची आणि पैंजण होऊन परत जायची. तेव्हा हुपरीत कोंबड्याआधी हातोड्या जाग्या व्हायच्या. या घरात तार, त्या घरात कडी, पलीकडं घुंगरू. आता साखळी यंत्र विणतं. माळावर शेड वाढल्या आणि गल्ली मुकी झाली. अक्काताईच्या नवऱ्याचे, अण्णाप्पाचे हात थरथरू लागले, त्याच सुमाराला घरी काम येणंही थांबलं.

"काकी, घुंगरं झाळून सांधायला तुमच्यागत मानूस मला मिळंना," सम्मेद म्हणाला. "पर तुमाला सोडलं तर बाकीच्या बाया मला सोडतील व्हय?"

"निघतच न्हाईत रं बाबा. बोटं सुजल्यात."

"मग तोडून घ्या की. उद्या या. जागा ठेवतो."

घरी येऊन तिनं पायरीवर बसून तेल लावलं, साबण लावला. जोडवी जागची हलेनात.

"कसलं न्हानं घालालीस बोटांस्नी?" अण्णाप्पानं आतून विचारलं.

तिनं सगळं सांगितलं. लग्नाच्या वर्षी, मालकाचं काम आटोपल्यावर, स्वतःच्या मजुरीतल्या चांदीची ही जोडवी त्यानं घडवली होती.

"दुसऱ्याकडं जाऊ नगंस," तो म्हणाला. "कानस आन. सांध्यावर घासलं की लवकर सुटतंय."

तो तिच्या पायाशी बसला. जोडव्यावरून त्याचं बोट एकदा फिरलं, पुन्हा फिरलं. त्यानं चष्मा पुसला, तिचा पाय उन्हात ओढला.

"काय झालं?"

"सांधा गावंना."

"तुमीच झाळलाय की!"

"मी झाळलाय म्हणूनच गावंना," म्हणत तो हसला. हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. तिनं पाठीवरून हात फिरवला.

"ऱ्हाऊ द्या. न्हाई जात मी कामाला."

"आन चुलीवर काय जोडवी शिजवतीस? धर पाय."

कानस त्याच्या हातात नाचू लागली. तेव्हा अक्काताईनं पुढं वाकून दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. तिच्या धरण्यात त्याचा हात स्थिर झाला. सांधा नव्हता तिथंच चांदी कापली गेली. आधी एक, मग दुसरं.

पायरीवर चांदीचा कीस पडला होता. अण्णाप्पानं सवयीनं बोट जिभेवर ओलं केलं आणि कण न् कण टिपून घेतला. जन्मभर असाच टिपून तो मालकाच्या वाटीत झाडला होता. नखाएवढाही घरात राहू दिला नव्हता. आज ते चमकतं बोट वर धरून तो नुसताच बसून राहिला.

"हे कुठं झाडू गं?"

अक्काताईनं आपला तळहात पुढं केला.