भट्टीवाल्याचा हात आणि भिंगरीचं पोट

चाळीस वर्षं पावाच्या भट्टीपुढे काढली की हाताचं कातडं गेंड्याचं होतं. एकदा पेटत्या भट्टीत मांजर शिरलं. मी हात घालून त्याला बाहेर ओढलं, तेव्हा दोघांपैकी ओरडलं ते फक्त मांजर. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा.

तर असा हा हात मी नातीच्या कपाळावर ठेवला आणि जाहीर केलं, "ताप-बीप काही नाही. गार आहे पोर."

नात अडीच वर्षांची. नाव भिंगरी, फोटोतसुद्धा ती पळतानाच येते. कालपासून तिला उलट्या-जुलाब होत होते आणि सून चमच्याचमच्यानं जलसंजीवनी पाजत होती.

"बाबा, तुमच्या हाताला निखारासुद्धा गारच लागायचा!" सुनेनं थर्मामीटर माझ्या नाकासमोर धरला. एकशे दोन.

मी हात मागे घेतला. आमच्या घराण्यात हे पहिल्यांदाच घडलं.

"दुपारपर्यंत वाट बघू," ती म्हणाली.

भिंगरी माझ्या मांडीवर निपचित पडली होती. झबलं वर सरकलेलं. रोज पीठ तपासायची खोड, म्हणून मी तिच्या पोटाला हलकेच चिमटी घेऊन सोडली. चांगलं मळलेलं पीठ लगेच सारखं होतं. कोरडं पडलेलं मात्र घडी धरून बसतं. भिंगरीच्या पोटाची घडी, मी एक-दोन म्हणेपर्यंत, तशीच उभी!

"सूनबाई, दवाखान्यात चल. आत्ताच्या आत्ता."

"अहो, मघाशी तर गार आहे म्हणालात!"

"मघाशी मी गाढव होतो. हे बघ."

तिनं पाहिलं. मग खोल गेलेले डोळे पाहिले, सकाळपासून कोरडा असलेला लंगोट पाहिला, आणि चपला न घालताच पोरीला उचललं.

डॉक्टरीणबाईंनीही तिथंच चिमटी घेतली आणि भराभर सलाईन लावलं.

"हे कोणी ओळखलं?"

"मी."

"काय करता आपण?"

"पाव."

त्या हसल्या. सुनेला म्हणाल्या, "घरी पाजत होतात ते बरोबरच. पण पोटात काही टिकत नसेल, लघवी होत नसेल, मूल मलूल पडलं असेल, तर थांबायचं नाही. आणि आजोबा, ताप थर्मामीटरनंच बघायचा."

संध्याकाळी भिंगरीला खाली उतरून पळायचं होतं. हाताला नळी, म्हणून कोणी सोडेना. मग तिनं असा भोंगा पसरला, की तीन गल्ल्यांतली कुत्री जागा सोडून गेली.

शेजारचा पेशंट करवादला, "अहो, गप्प करा तिला!"

"छे हो," सून डोळे पुसत म्हणाली, "रडू दे की जरा."