बारमाही पाणी

मी एक जुनी पाणथळ आहे. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमजवळच्या सपाट माळावर, हिमयुगातला बर्फ वितळून गेल्यावर उरलेल्या एका उथळ खळग्यात माझा जन्म झाला. भर हिवाळ्यातही माझं पाणी गुडघ्यापर्यंतच. लोक मला डबकं म्हणतात. म्हणोत बापडे!

मित्रांनो, मी हिवाळ्यात भरते आणि ऑगस्टपर्यंत पार सुकते. हा माझा आजार नव्हे, माझा संसारच तसा आहे. पाणी ओसरतं, चिखलाला ऊन लागतं, भेगा पडतात, तेव्हा कुठे माझ्या पोटातलं बी रुजायला तयार होतं. मग पाऊस आला की कोंब फुटतात आणि एप्रिलमध्ये पाण्यावर पांढरी फुलंच फुलं! काठाला लव्हाळे, त्यांच्यामागे रानपुदिना. पूर्वी गाई यायच्या. त्यांच्या खुरांच्या खड्ड्यांतसुद्धा माझी नखाएवढी रोपं उगवायची. पुढे गाई गेल्या, शेताचे तुकडे पडले आणि मी एका घराच्या कुंपणात आले.

ते घर उल्हास आणि सुनेत्राने घेतलं. दोघं मूळची पुण्याची, नोकऱ्या इथल्या शहरात. माणसं चांगली, हे आधीच सांगते. एप्रिलमध्ये सुनेत्रा चहाचा कप घेऊन माझ्या काठी उभी राहायची आणि फुलांशी बोलायची. इतकं कौतुक माझं कुणीच केलं नव्हतं. मी अगदी हुरळून गेले.

त्यांचा गणपती शाडूचा, आणि विसर्जन घरामागे बादलीत. गेल्या वर्षी बादली भरता भरता उल्हासने माझ्याकडे पाहिलं. सप्टेंबर होता. मी कोरडी ठणठणीत.

"सुनेत्रा, एवढं मोठं गार्डन आणि बाप्पाला बादलीत? इट डझन्ट फील राइट. हे डबकं डीप करून घेऊ या. तळाला प्लास्टिकचा लायनर टाकला की पाणी बारा महिने राहील."

"अरे, पण माझी फुलं?"

"पाणी कायम राहिलं की फुलंही बारा महिने येतील. सिंपल!"

"मग छानच की," ती म्हणाली.

मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण माझं कोण ऐकणार? छोटं खोदयंत्र आलं. लव्हाळे मुळासकट निघाले, पुदिना चिरडला. उरल्यासुरल्या बियांवर जाड काळं प्लास्टिक अंथरलं आणि वर नळीने पाणी सोडलं.

एप्रिलमध्ये सुनेत्रा कप घेऊन आली. पाणी नितळ होतं आणि रिकामं होतं. चहा गार होईपर्यंत ती बघत राहिली.

"यंदा थंडी जास्त होती ना," उल्हास म्हणाला. "नेक्स्ट इयर येतील."

या सप्टेंबरला बाप्पा माझ्यात उतरले. आरती झाली, सगळ्यांनी हाक दिली, "पुढच्या वर्षी लवकर या!" मंडळी प्रसादाला आत गेली. सुनेत्रा मात्र मागे राहिली. माझ्यावर वाकून ती हळूच म्हणाली, "तुम्हीही या हं."

ती फुलांना बोलावत होती. मला फार वाईट वाटलं. बाप्पा येतील, फुलं येणार नाहीत. बी प्लास्टिकखाली अंधारात कुजत चाललं आहे आणि ते तिला कुणी सांगणार नाही.

मित्रांनो, कुठे माझ्यासारखी एखादी उन्हाने भेगाळलेली दिसली, तर दया येऊन तिला पाणी घालू नका. तिला सुकू द्या. माझं म्हणाल, तर आज पाणी बोटभर उतरलं आहे, आणि तो पाहा, उल्हास नळी घेऊन निघालासुद्धा.