रत्ने गो, ओ दे!

माझी पोरगी गाणी बनवते. गात नाय, वाजवत नाय, बनवते. म्हणजे काय, हे मला कळायला किती दिवस गेले ते विचारू नका! तुमाला झटक्यात सांगते. एखादा पोरगा येतो, चार ओळी बडबडतो. त्याच्याखाली ढोल कुठला, बेस किती, कुठं थांबायचं, कुठं धडाम करायचं, हे सगळं आमची रत्ना ठरवते. तांदूळ एकाचा, डाळ दुसऱ्याची, पण चव जमवणारी ती. प्रोड्यूसर म्हणतात त्याला. मी शाळेत पोरांची खिचडी शिजवते. म्हणजे दोघींचा धंदा एकच, असं मी आपली मनात म्हणते.

संघरत्ना तिचं नाव. घरात रत्ना, आणि मी चिडले की रत्ने. मी गीताबाई. चिडायला मला कारण लागत नाय, असं तिचा बाप म्हणतो. त्याला काय कळतंय! शहापूरपासून जरा आत आमचं गाव. घरामागं भात ठेवायची खोली होती, ती हिनं बळकावली. भिंतींना माझ्या गोधड्या ठोकल्या. लग्नातल्या गोधड्या! "आये, त्यानं आवाज घुमत नाय." मग दार लावून, कानांवर ते जाडे हेडफोन चढवून बसायची. भाकरी थंड, कालवण थंड, आई गरम.

आता माझं माहेर सिद्धगडाच्या पायथ्याचं. तिकडं एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर हाकेनंच निरोप जायचा. आणि हाक आली की ओ द्यायची, ही रीत. ओ नाय आली तर माणूस कड्यावरून घसरला का जनावरानं धरला, म्हणून लोक काठ्या घेऊन धावत सुटायचे. माझं काळीज त्याच सवयीचं. हाक मारली आणि ओ नाय आली की माझ्या पोटात गोळा येतो, आणि गोळा आला की मी ओरडते. तर एक दिवस जेवायला हाका मारून मारून दमले आणि दाराला तोंड लावून सगळा जीव काढून ओरडले, "रत्ने गोऽऽ! ओ दे!"

आत मुरबाडचा स्वरूप होता. तो रॅप करतो, म्हणजे भांडल्यासारखं गाणं म्हणतो. पोरगा गुणाचा आहे पण. त्याचं रेकॉर्डिंग चाललेलं, आणि माझी हाक सरळ माइकमध्ये शिरली. दार उघडून बघते तर दोघंही पोट धरून हसतायत. मला वाटलं, झालं, काम नासलं यांचं. मी गपचूप चुलीकडं निघून गेले.

मग शाळेत गंमत झाली. गंमत कसली, माझा उद्धार झाला! खिचडीचं पातेलं उघडलं, आणि रांगेतली पोरं एका सुरात, "रत्ने गोऽऽ! ओ दे!" वर तोंडानंच धाड-धाड-धाड करून नाचायला लागली. मी डाव हातात घेऊन तशीच उभी. घरी येऊन रत्नाला धरली. तर काय! हिनं माझी हाक आपल्या प्रत्येक गाण्याच्या तोंडाशी लावलेली. आधी माझी हाक, मग धाडकन ढोल. माझ्या बहिणीचा पोरगा बुद्धभूषण, त्याची धसईला डीजेची गाडी आहे. हळद म्हणू नका, वरात म्हणू नका, जयंती म्हणू नका, तो सगळीकडं हीच गाणी वाजवतो. शहापूरपासून धसईपर्यंत पोरासोरांना माझी हाक पाठ, आणि मलाच पत्ता नाय!

"लोकांपुढं माझी शोभा केलीस गो!" मी ओरडले.

"शोभा नाय आये, खूण केली," रत्ना बोलली. "गाणारा सगळ्यांना दिसतो. बनवणारा कुणाला दिसतो? म्हणून बनवणारे गाण्याच्या तोंडाशी एक खूण ठेवतात. टॅग म्हणतात. कुणी शिट्टी ठेवतं, कुणी स्वतःचं नाव बोलतं. मी तुझी हाक ठेवली. तिच्यात माझं नाव आहे ना? ती वाजली की लोकांना कळतं, हे रत्नानं बनवलंय."

दोन शिव्या घातल्या तिला, आणि मोरीत भांडी घासत एकटीच हसत बसले. माझ्या तोंडून पोरीचं नाव अख्ख्या मुलखात फिरतंय!

मग आली मुंबईची कंपनी. स्वरूपच्या नव्या गाण्याचा तुकडा त्यांनी कुठंतरी ऐकला आणि त्यांचा माणूस, पंकज, गाडी घेऊन थेट आमच्या दारात. पांढरे बूट! आमच्या अंगणात पांढरे बूट! मला म्हणतो, "आँटी, पाणी मिळेल?" आँटी म्हणे! पाणी दिलं, पण तांब्या जरा आपटूनच ठेवला. भातखोलीत गोधड्यांमध्ये बसून त्यानं गाणं ऐकलं, मान हलवली, मांडीवर ठेका धरला. म्हणाला, गाणं जबरदस्त आहे, कंपनी ते बाहेर काढणार, लोकांनी उचलून धरलं तर रत्नाला अंधेरीच्या स्टुडिओत पुढची कामं. मी दाराआड उभी, एकेक शब्द कानांत साठवतेय. आणि शेवटी म्हणतो कसा, "फक्त सुरुवातीचं ते ओरडणं काढून टाका. जरा गावठी वाटतं."

रत्नाचं तोंड उतरलं. "ती माझी खूण आहे सर."

"तुमचं नाव खाली लिहू ना आम्ही, बारीक अक्षरात."

"खालचं कोण वाचतं?"

"बघा, विचार करून कळवा," म्हणाला, आणि गाडीत बसून धुरळा उडवत गेला.

झालं! पोरगी हट्टाला पेटली. हाक जाणार असेल तर गाणंच देत नाय. बोलेना, जेवेना. मी आपली येता-जाता तिच्याकडं बघत होते आणि माझा जीव तुटत होता. माझ्या एका ओरडण्यापायी हिचं नशीब दारातून परत जाणार? शेवटी मीच बोलले, "काढ गो ती हाक. मी काय, रोज ओरडते. मुंबईचं बोलावणं रोज येत नाय."

"आये, ती गेली तर त्या गाण्यात मी कुठं राहिले?"

"आधी आत तर शीर! नाव येईल मागून."

ती काहीतरी सुचल्यासारखी उठली आणि दार लावून घेतलं. काढ म्हणणारी मी, आणि काढली तेव्हा झोंबलं मलाच! खोटं कशाला बोलू? गाणं मोबाइलवर आलं, गावभर वाजलं, स्वरूपचा फोटो झळकला. मी ऐकलंच नाय. कुणी लावलं की पदर झटकून बाहेर जायचे. रुसले होते, पण कुणावर, ते मलाच ठाऊक नव्हतं.

आणि आली दीप्तीची हळद! दीप्ती म्हणजे बुद्धभूषणची बहीण, माझी भाची. धसईला दारात मांडव, वर रंगीत दिवे, बाजूला डीजेची गाडी, आणि मी मांडवाच्या कडेला वडे तळत बसलेली. गाण्यावर गावची माणसं कशी नाचतात याचा व्हिडिओ काढायला कंपनीनं पंकजला धाडलेलं. तेच पांढरे बूट! आमच्या बायकांनी काय सोडला नाय त्याला. दोन्ही गाल पिवळे केले, बूटसुद्धा पिवळे केले. बिचारा मोबाइल वर धरून उभा.

दिवे लागले तसं बुद्धभूषणनं गाणं लावलं. आता मांडव सोडून जाऊ कुठं? तेल तापलेलं. ऐकावंच लागलं. आणि काय सांगू, मस्त होतं हो! बारीक आवाजात सुरू झालं, चढत गेलं, चढत गेलं, माणसं हात वर करून उभी राहिली, आता धाडकन पडणार, आता पडणार, आणि एकदम सगळं बंद.

चिडीचूप.

अरे देवा, नाय, आमी बौद्ध, देव म्हणत नाय, पण तोंडातून निघालंच! वायर तुटली वाटलं मला. भर मांडवात माझ्या पोरीच्या गाण्याची फजिती! झारा तसाच कढईत टाकून मी उठले.

आणि त्या शांततेत पोरंसोरं, करवल्या, म्हाताऱ्या, सगळा मांडव एका दमात ओरडला, "रत्ने गोऽऽ! ओ दे!"

धाडकन ढोल पडला! मांडवाचे बांबू हलले! वडे करपले, करपू देत! मी गर्दीतून वाट काढत डीजेच्या गाडीकडं धावले. वर रत्ना उभी, गळ्यात हेडफोन, डोळ्यांत पाणी आणि सगळे दात बाहेर.

"आवाज काढून टाका म्हणाले, आये!" ती वरूनच ओरडली. "त्याची जागा काढा असं नाय म्हणाले! मी तुझ्या हाकेएवढी जागा रिकामी ठेवली. सरांना बोलले, ढोलाच्या आधी जरा श्वास पायजे. त्यांनाच जाम आवडला तो श्वास!"

अगो कारटे! माझ्यावर गेलीस गो, माझ्यावर!

पंकज माझ्या मागं येऊन पोचला होता. पिवळ्या तोंडानं माझ्या बहिणीला विचारतो, "हे सगळे तेच का ओरडतायत?"

"गाणं बनवणारीचं नाव घेतायत," बहीण बोलली. "आमच्याकडं समद्यांना पाठ आहे."

तेवढ्यात बुद्धभूषण गाडीवरून वाकला आणि माइक माझ्या हातात कोंबला. "मावशी, पुढच्या वेळी तू."

गाणं परत चढायला लागलं. मी माइक तोंडाशी धरला. पंकज कानाशी लागला, "ताई, ही हाक आपण परत घालू या! उद्याच घालू! आणि रत्नाचं नाव—" ताई म्हणाला बरं का, आँटी नाय. पण मला कुठं ऐकायला फुरसत? गाणं थांबलं. माझी जागा आली. मी डोळे मिटले आणि सिद्धगडाच्या या पाड्यावरून त्या पाड्यावर जाईल अशी हाक मारली, "रत्ने गोऽऽ! ओ दे!"

ढोल पडला नाय. बुद्धभूषणनं गाणं तिथंच धरून ठेवलं होतं. सगळा मांडव गाडीकडं बघत उभा. अख्ख्या जन्मात या पोरीनं पहिल्या हाकेला ओ दिलेली मला आठवत नाय. माझ्या पोटात तो जुना गोळा आलाच. रत्नानं गळ्यातले हेडफोन काढून बाजूला ठेवले, दोन्ही हात तोंडाशी धरले.

"—नाव मोठ्या अक्षरात, सगळ्यात वर—" पंकजचं चालूच होतं.

मी तेलकट हात त्याच्या तोंडावर ठेवला. "गप रे जरा! माझी पोरगी ओ देतेय."

"ओऽऽऽ, आये!"